फॅमिली फोटोसाठी सगळ्यांनी एकाच रंगाचे कपडे घालावेत का?

एकाच रंगाचे नकोत, बँडपथक वाटतं. आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला चौदा जणांचा फोटो काढायचाय म्हणता, तर सुरुवात आजीच्या साडीपासून करा. ती काही तुमच्या थीमसाठी साडी बदलणार नाही! समजा पैठणी जांभळी आणि काठ हिरवे असतील, तर बाकीच्यांनी त्याच्याशी जुळणारे फिके रंग घ्यावेत: मोतिया, फिकट पिस्ता, एखादाच कुर्ता वांगी रंगाचा.

बारीक चौकडीचे आणि बारीक रेघांचे शर्ट टाळा, डिजिटल कॅमेऱ्यात त्यावर लाटांसारखी नक्षी उमटते. भर उन्हात पांढराशुभ्र कुर्ता नको. भडक पोपटी रंगाची झाक थेट हनुवटीखाली येते.

लहानग्यांना कोरा कडक झब्बा घालू नका, टोचला की रडारड. एकदा धुऊन घ्या.

आणि खिसे रिकामे करा. आमच्याकडच्या मुंजीच्या फोटोत काकांच्या खिशातला मोबाइल अजून बटूच्या आधी दिसतो.

आदल्या दिवशी सगळे कपडे पलंगावर पसरा आणि खिडकीच्या उजेडात मोबाइलवर एक फोटो काढा. खुपणारा कपडा लगेच कळतो.