फायबरचे शेअर पहिल्यांदा घेताना
भावा, विश्रामबागेत गल्लोगल्ली इंटरनेटचं फायबर टाकतायत म्हणून लगेच शेअर घेऊ नकोस. घरी कनेक्शन देणारा वेगळा, फायबर आणि केबल बनवणारी स्टरलाईट टेक किंवा एचएफसीएल वेगळी, आणि तेजस नेटवर्क्स तर नेटवर्कची यंत्रं बनवते, आधी एवढं समजून घे, सगळे इथंच चुकतात. मोठ्या ऑर्डरच्या बातमीवर उडी मारायची नाही, सरकारी कामाचं बिल निघायला वेळ लागतो, म्हणून कंपनीच्या ताळेबंदात येणी, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे, आणि कर्ज बघायचं. मी २०२१ ला एका छोट्या केबल कंपनीत ते न बघता पैसे घातले, निम्मे गेले. हळदीचा सौदा आपण पोत्यात हात घालूनच करतो ना, तसंच हे! सुरुवातीला थोडेच घे, उसाच्या बिलातले सगळे पैसे घालू नकोस, आणि उसने घेतलेले तर अजिबात नकोत.