इंग्लंडमधलं मार्केट ड्रेटन मुद्दाम जाऊन बघण्यासारखं आहे का? रविवारी जायचा विचार आहे.

रविवारी अजिबात जाऊ नका, बुधवारी जा. १२४५ साली तिसऱ्या हेन्रीनं कॉम्बरमियर मठाला इथे बाजार भरवायची सनद दिली, आणि आजही बाजार बुधवारचाच. बाजाराशिवाय हे गाव म्हणजे दोन-चार गल्ल्या. १६५१च्या आगीत बहुतेक गाव जळालं. काळ्या लाकडी चौकटीची घरं दिसतात, त्यातली बरीच नंतरची.

माझे मेहुणे देवगडचे, म्हणजे विजयदुर्गाच्या मुलखातले. इकडे आले तेव्हा हौसेनं त्यांना घेऊन गेलो. चर्चचा मनोरा दाखवत सांगितलं, की रॉबर्ट क्लाइव्ह याच पंचक्रोशीतला, १७२५चा जन्म. पोरवयात त्या मनोऱ्यावर चढून बसला होता म्हणतात, आणि टोळकं जमवून दुकानदारांकडून हप्ते घ्यायचा असंही सांगतात. झालं! मेहुणे गाडीतून उतरेचनात. "विजयदुर्गात आंग्र्यांचं आरमार जाळणाऱ्याच्या गावात मी पाय ठेवायचा?" बायको मध्ये पडली, तिलाही गप्प केलं. मी एकटाच जाऊन जिंजरब्रेड घेऊन आलो (इथली खासियत, पोर्ट वाइनमध्ये बुडवून खातात). ते मात्र परतीच्या वाटेवर निम्मं त्यांनीच संपवलं.

आता मेहुण्यांना तेव्हा सांगायचं राहून गेलं ते इथे लिहितो. फेब्रुवारी १७५६मध्ये इंग्रज नौसेनापती वॉटसनचं आरमार आणि क्लाइव्हचं पायदळ विजयदुर्गावर आलं, ते नानासाहेब पेशव्यांशी हातमिळवणी करूनच. विजयदुर्गाचे तुळाजी आंग्रे पेशव्यांना डोईजड झाले होते. आपलं आरमार बुडवायला आपणच इंग्रज बोलावले, आणि राग काढायचा तो इथल्या, श्रॉपशर परगण्यातल्या बेकरीवाल्यावर! देवगडकरांना हे पटणार नाही, ठाऊक आहे.

असो. गाव टर्न नदीच्या वर, उंचवट्यावर आहे. बाजूनं टेलफर्ड या अभियंत्याचा कालवा जातो. दक्षिणेला टर्लीला ओळीनं पाच लॉक (बोट वर-खाली नेणारे, दारं असलेले पाण्याचे हौद) आहेत. बोट आत आली आणि पाण्याची पातळी सारखी झाली की माणसं पाठ लावून लाकडी दांडा ढकलतात आणि दार उघडतात. मला ते गावापेक्षा जास्त आवडलं. पावसात मात्र काठावर चिखल असतो.

आणि हो, रेल्वे नाही. प्रवासी गाड्या १९६३लाच बंद झाल्या, त्यामुळे श्रूजबरीहून बस, नाहीतर स्वतःची गाडी. जवळच मोरटन सेच्या चर्चमध्ये क्लाइव्हला पुरलंय. जायचं तर जा. सोबत देवगडकडचं कोणी असेल तर नकोच.