धीर द्यायची घाई करू नकोस

प्रिय,

कर्करुग्णांशी बोलण्याच्या तुझ्या कामाबद्दलचं पत्र दोनदा वाचलं. केमो घेत असलेल्या बाईंनी विचारलं, "मी बरी होईन ना?" तू म्हणालीस, "नक्की व्हाल, फक्त सकारात्मक राहा." आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. तुला वाटलं, दमल्या असतील. असतीलही. मला मात्र वाटतं, त्यांनी तुझ्यापुरतं दार लावून घेतलं.

वाईट वाटून घेऊ नकोस. हे वाक्य मीही कितीतरी वर्षं वापरलंय. समोरच्याची भीती आपल्याला सोसवत नाही, म्हणून आपण ती घाईघाईने झाकतो आणि त्याला धीर देणं म्हणतो. शिवाय या वाक्यात एक छुपा आरोप आहे: आजार वाढला तर तुमचं मनच कमी पडलं. डॉ. जिमी हॉलंड यांनी १९७७ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात कर्करुग्णांसाठी मनोविकार विभाग उभा केला. कर्करुग्णांच्या मनाची काळजी घेणाऱ्या आपल्या या शाखेच्या, सायको-ऑन्कोलॉजीच्या, त्या आद्य प्रवर्तक. रुग्णांवर होणाऱ्या या सक्तीला त्या सकारात्मक विचारांची जुलूमशाही म्हणत.

"पण मनाने आयुष्य वाढतं ना?" असं तुला नातेवाईक विचारतीलच. १९८९ साली डेव्हिड स्पीगल यांच्या अभ्यासात, स्तनाचा कर्करोग पसरलेल्या ज्या स्त्रिया आधारगटात, म्हणजे एकत्र बसून मनातलं बोलायच्या गटात, येत होत्या त्या इतरांच्या जवळजवळ दुप्पट काळ जगल्या. केवढी आशा वाटली सगळ्यांना! २००१ मध्ये जास्त स्त्रियांवर तसाच अभ्यास झाला आणि आयुष्य काही वाढलेलं दिसलं नाही. मनाचा त्रास आणि वेदना मात्र कमी झाल्या. म्हणून गटात बोलावताना आयुष्याचं आमिष दाखवू नकोस. रात्र जरा सोपी जाते, हे कारण पुरेसं आहे.

मग बोलायचं काय? आधी विचारायचं. "आत्ता सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते?" उत्तर मरणाचंच येईल असं धरून चालू नकोस. कुणाला कर्जाचा हप्ता छळतो, कुणाला दर वेळी सोबत कोण येणार हा प्रश्न, कुणाला केस. आपण मनाचं बोलायला बसतो आणि माणूस रजेच्या अर्जाचं विचारतो. तो अर्ज लिहून दे. तोही मनाचाच उपचार आहे.

तुमच्याकडे डिस्ट्रेस थर्मामीटर, म्हणजे मनाचा त्रास किती ते आकड्यात सांगायची पट्टी, भरून घेतात, असं तू लिहिलंयस. शून्य ते दहा, चार किंवा त्याहून वर असेल तर खोलात जायचं. चांगलं साधन आहे. पण "दोन" लिहून रडणारी माणसं मी पाहिली आहेत. आकडा फाइलमध्ये ठेव, नजर चेहऱ्यावर.

आणि शरीर विसरू नकोस. केमोसोबतच्या स्टेरॉइडने दोन रात्री झोप उडते, चिडचिड होते, गोळी थांबली की माणूस एकदम गळून जातो. मानेवर रेडिएशन झालं असेल तर थायरॉइड मंदावून उदासी येऊ शकते. भूक, झोप, थकवा तर आजारानेच बिघडलेले असतात, त्यावरून नैराश्य ओळखायला गेलीस तर चकशील. नातवंडं आली तरी आनंद होत नाही, मी सगळ्यांवर ओझं आहे, असं कुणी म्हणालं की कान टवकार. जीव द्यावासा वाटतो का, हे स्पष्ट शब्दांत विचार. विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. उत्तर हो आलं तर त्यांना एकटं सोडू नकोस, डॉक्टरांना लगेच बोलव. औषधं ठरवणं आपलं काम नाही, पण चालू गोळ्यांची यादी मनोविकारतज्ज्ञांपर्यंत पोचवणं आहे. पॅरोक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिनसारख्या नैराश्यावरच्या गोळ्या टॅमॉक्सिफेन या स्तनाच्या कर्करोगावरच्या औषधाचा परिणाम कमी करू शकतात.

आता माझी एक चूक सांगते. एका मुलाने मला वॉर्डच्या दारातच गाठलं. "बाबांना सांगू नका, खचतील ते." मी मान डोलावली आणि पंधरा दिवस बाबांशी इकडचं तिकडचं बोलत राहिले. एकदा मुलगा बाहेर गेला तसे बाबा हळूच म्हणाले, "मला माहीत आहे हे त्याला कळू देऊ नका हं. कोलमडेल पोरगा." दोघं एकमेकांना जपत होते आणि मधली भिंत मी धरून उभी होते! त्यानंतर मी नातेवाइकांशी वाद घालत नाही. त्यांना नेमकी भीती कशाची वाटते, ते ऐकते. एवढंच सांगते, की आपणहून काही बोलणार नाही, पण रुग्णाने विचारलं तर खोटंही बोलणार नाही. आणि रुग्णाला विचारते, "आजाराबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?" काहींना काहीच नको असतं. तोही त्यांचा हक्क.

उपचार संपले की आपण फाइल मिटतो, तिथे फसतो. घरचे पेढे वाटतात आणि माणूस रात्री गाठ चाचपत बसतो. रोज डॉक्टर दिसायचे तेव्हा जरा सुरक्षित वाटायचं, आता पुढच्या स्कॅनपर्यंत एकटं. दोन-तीन महिन्यांनी फोन कर. नवराबायकोच्या जवळिकीचं तर कुणीच विचारत नाही, तेही विचार.

तुझ्या झोपेचं तू शेवटच्या ओळीत लिहिलंयस, उगाच लिहावं तसं. दर आठवड्याला एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीशी बोलायची वेळ ठरवून घे. माझ्याशी बोललीस तरी चालेल.

त्या बाईंचा पुढचा डोस असेल तेव्हा खुर्ची ओढून बस. म्हण, "मागच्या वेळी मी फार घाईने उत्तर दिलं. तुम्हाला काय विचारायचं होतं?" मग गप्प राहा. त्या काहीच बोलल्या नाहीत तरी लगेच उठू नकोस.

तुझी,
ताई