पास्टोरल म्हणजे ‘ग्रामीण’? मुळीच नाही!

प्रश्न असा आलाय: जुन्या फ्रेंच छापचित्रांत मेंढ्या, ओढे, पावा वाजवणारे गुराखी दिसतात, त्या ‘पास्टोरल’ चित्रांना ‘ग्रामीण चित्रे’ म्हणावं का? आणि ‘एचिंग’ या छापपद्धतीला मराठीत काय?

‘ग्रामीण’ वाचलं की माझं डोकं फिरतं. फ्रेंच चित्रकार फ्रांस्वा बूशेचं १७४७ चं एक चित्र घ्या. मेंढपाळ आणि मेंढपाळीण द्राक्षं घेऊन बसलेत आणि चित्राचं नावच विचारतंय, ‘यांच्या मनात द्राक्षंच आहेत का?’ कपडे रेशमी, पायाला चिखलाचा ठिपका नाही. पॅरिसच्या दिवाणखान्यासाठी रचलेलं रान आहे ते! ग्रामीण म्हटलं की आपल्याला दुष्काळ आणि सावकार आठवतो. इथे साधं शेणसुद्धा नाही.

मी ‘गोपचित्र’ म्हणतो. कारण ऐका. लॅटिन ‘पास्तोर’ म्हणजे गुरं-मेंढ्या राखणारा, आणि त्याचं मूळ तेच, जे संस्कृत ‘पा’ (राखणे) या धातूचं. भूप, नृप, गोप यांतला ‘प’ तोच. आता क्लोद लोरँचं १६३६ चं एचिंग पाहा: गुरं पाण्यात उतरलीत आणि राखणारा झाडाखाली पावा वाजवतोय. चित्राचं नाव ‘ल बूव्हिए’, म्हणजे गुराखी. हा बूव्हिए लॅटिन ‘बोस्’ (गाय-बैल) पासून आला, आणि ‘बोस्’ व आपला ‘गो’ एकाच मुळाचे. म्हणजे ‘गो’ बूव्हिएत, ‘प’ पास्तोरात, आणि आपल्या दोन अक्षरी ‘गोप’मध्ये दोन्ही!

काही विद्वान ‘पास्टोरल’चा संबंध ‘पशु’शी लावतात. ऐकायला गोड, पण ‘पशु’चं लॅटिन भावंड ‘पेकुस्’ आहे. कानाला सारखं लागलं म्हणून सोयरीक जुळवायची, तर ‘पास्ता’नेच काय घोडं मारलंय?

दुसरा आक्षेप: चित्रात मेंढ्या, मग ‘गो’ कशाला? अहो, गवाक्षातून गाय डोकावते का? ‘गोष्ट’सुद्धा गोष्ठातून, म्हणजे गोठ्यातूनच आली, तरी आपण ती सोफ्यावर बसून सांगतो. आणि ‘गोप म्हटलं की कृष्ण आठवतो’ म्हणाल, तर बरंच आहे. गोकुळातही कुणी धारा काढून दमलेला दिसत नाही.

हां, एचिंग. तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून छापतात, म्हणून ‘आम्लरेखन’. चालेल.