पैलवान आहे, एमएमएमध्ये (कुस्ती, ठोसे, गळा आवळणं सगळं चालणाऱ्या मिश्र लढतीत) पट काढला, म्हणजे पाय धरून समोरच्याला पाडलं, की दरवेळी गिलोटिनमध्ये (समोरून हातानं गळा आवळायच्या पकडीत) मान अडकते. पट काढणंच सोडू का?

सोडू नका भाऊ. पट हीच तर तुमची कमाई आहे. पाडल्यानंतर काय करता, ते बघा.

तुम्ही लिहिलंय की आठ वर्षं मातीत खेळलात आणि तीन महिन्यांपासून एमएमए शिकताय. माझी गोष्ट फार वेगळी नाही. नागपूरच्या महाल भागातल्या आखाड्यात वाढलो, नागपंचमीच्या दंगलीत कुस्त्या मारल्या आणि त्याच गुर्मीत वर्धा रोडवरच्या एका जिममध्ये गेलो. समोर साठेक किलोचं कॉलेजातलं पोट्टं. पहिल्याच झटक्यात दुहेरी पट काढून त्याला पाठीवर आपटलं. आखाड्यात इथं कुस्ती संपते, त्यामुळे सवयीनं माझं अंग सैल पडलं. तोवर त्याचा हात माझ्या हनुवटीखाली शिरला होता आणि पाय कमरेभोवती आवळले होते. खिडकीतल्या कूलरचा आवाज लांब लांब जायला लागला, तेव्हा कुठं थाप मारली, म्हणजे हार मानली. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या की आठ-दहा सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो. तिथं पैलवानाची जाड मान फार कामी येत नाही.

कुस्तीत गळा आवळणं फाऊल, म्हणून मान उघडी टाकायची भीती आपल्याला कधी शिकवलीच जात नाही. पट काढताना नजर जमिनीकडे जाते, डोकं त्याच्या बगलेखाली लोंबतं. डोकं वर हवं, कान त्याच्या बरगडीला चिकटलेला. आमच्या कोचनं मला महिनाभर एकच काम दिलं होतं: पट काढताना छताच्या पंख्याकडे बघायचं. पोट्टे हसायचे.

तरीही अडकलात तर आधी दोन्ही हातांनी त्याचं मनगट पकडून खाली ओढा, हनुवटी छातीला लावा. मग डोकं त्याच्या ज्या बगलेत आहे, त्याच्या उलट बाजूला अंग न्या. त्याच्या दोन पायांच्या मध्ये राहिलात तर तो पायांनी ताणून आवळत राहतो. पाय ओलांडून बाजूला गेलात की पकडीतला जोर निघून जातो. मान हिसडून मागे ओढू नका, त्यानं फास घट्टच होतो.

दुसरी खोड याहून वाईट, आणि तिच्याबद्दल तुम्ही विचारलेलंही नाही. पाठ लागू नये म्हणून आपण खाली गेलो की पालथे होतो. वस्तादानं काठी मारून मारून शिकवलेलं असतं. एमएमएमध्ये पालथं होणं म्हणजे त्याला आपली पाठ देणं, मग मागून गळ्याभोवती हात आलाच. इथं चीत झाल्यानं कोणी हरत नाही, त्यामुळे पाठीवर पडून लढायला शिका. जड जाईल. मला वर्ष लागलं.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. 2010 मध्ये कुस्तीतून आलेल्या चेल सोननने यूएफसीच्या लढतीत अँडरसन सिल्वाला चार राऊंड पाडून रगडलं आणि पाचव्यात खालूनच पायांच्या कैचीत अडकून थाप मारली. आपली पैलवान रितू फोगाट 2022 मध्ये टिफनी टिओनं मागून गळा आवळल्यानंच हरली. उलट कुस्तीच्याच जोरावर लढणारा खबीब नूरमागोमेदोव बघा. 2019 मध्ये अबू धाबीत पॉइरियेनं त्याला गिलोटिन घट्ट बसवलं होतं. तो निसटला आणि त्याच राऊंडमध्ये त्यानं पॉइरियेचाच गळा मागून आवळला. ती लढत फक्त त्या निसटण्यासाठी पुन्हा बघा, हळू करून.

आणि सरावात थाप लवकर मारा. कान फुटलेल्या पैलवानाला पोरासोरांपुढे थाप मारायची लाज वाटते. मलाही वाटायची. एकदा हात थेट घशाच्या नळीवर बसला तरी मी दात आवळून पडून राहिलो, आणि पुढचे चार दिवस पोहे तर्रीशिवाय खाल्ले.