आमसुलं विकायची तर शिकलीस कशाला?

प्रश्न : ताई, मी रत्नागिरीत बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या परसात रातांब्याची, म्हणजे कोकमाची अकरा झाडं आहेत. आमसुलं आणि आगळ (रातांब्याचा खारवलेला रस) करून विकायचं मनात आहे. वर्गातले बहुतेक जण बँकेच्या नाहीतर एमपीएससीच्या परीक्षांमागे आहेत. मैत्रीण म्हणते, ‘नोकरी लागेपर्यंत कर.’ बाबा म्हणतात, ‘आमसुलंच विकायची तर शिकलीस कशाला?’ योजनेतून कर्ज काढू का?
– एक विद्यार्थिनी, ता. संगमेश्वर

उत्तर : आधी एक, बाबांवर रागावू नकोस. माझे वडील परळला गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी सहावीत होते. महिन्याची मनीऑर्डर थांबली आणि त्या पावसाळ्यात आईनं पाटल्या मोडल्या. कोकणात घरोघरी हेच झालं. गिरणीचाही पगारच होता ना, म्हणून मग आमच्याकडे नोकरी ‘सरकारीच’ हवी झाली. बाबांच्या बोलण्यात ती भीती आहे.

मला काळजी वाटते ती ‘नोकरी लागेपर्यंत’ या शब्दांची. मीही कोकमाचाच धंदा करते. मे महिन्यात माझ्या शेडवर कॉलेजची मुलं रातांबे फोडायला येतात. चार-चार दिवस बोटांचा लाल रंग जात नाही. कामाला चोख, पण विचारतात एकच, ‘महिन्याला किती सुटतात?’ अगं, हा धंदा महिन्याचा नाहीच! फळ एप्रिल-मेमध्ये येतं, पाऊस लागला की संपलं. वर्षभर विकायचा माल तेवढ्या दिवसांत रोखीनं घ्यायचा, साल रसात बुडवून उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. पैसे येतात ते पुढे, थोडे थोडे. खेळतं भांडवल म्हणजे काय, हे तू पुस्तकात वाचलंयस. तुझं शिक्षण लागणार ते इथेच.

आता कर्जाचं. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी 2020 मध्ये केंद्राची योजना आली. खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख अनुदान. पण ते हातात पडत नाही. तीन वर्षं बँकेत राहतं, खातं थकलं नाही तरच कर्जात वळतं होतं. हप्ता मात्र सुरू होतो. मुलं अनुदानालाच भांडवल समजतात आणि तिथेच अडकतात. म्हणून पहिल्या वर्षी कर्ज नको. अकरा झाडांचा माल पुष्कळ झाला.

अमृत कोकम, म्हणजे कोकमाचा साखरेतला पाक, करणार असशील तर साखरेत काटकसर करू नकोस. पहिल्या वर्षी मी केली. पंधरा दिवसांत बाटल्यांची बुचं उडाली, भिंत लाल झाली आणि चाळीस बाटल्या परसात ओतल्या. आता रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे साखरेचं प्रमाण मोजायच्या यंत्रावर, 65 दिसल्याशिवाय मी बाटली भरत नाही. तू यंत्र आधी घे, लेबल मागून छाप. विकण्याआधी अन्नसुरक्षेची नोंदणी मात्र करून घे, ती ऑनलाइन होते.

एप्रिल लागला की दोन दिवस माझ्या शेडवर ये. बाबांनाही आण. वजनकाटा आणि जमाखर्चाची वही त्यांच्याकडे देऊ.