भाड्याची खोली, दारातली गाडी आणि पार्किंगचा परवाना

शिक्षणासाठी परदेशात भाड्याने राहणाऱ्या वाचकांनी निवासी पार्किंग परवान्याविषयी (म्हणजे आपल्या विभागातल्या रस्त्यांवर गाडी लावण्यासाठी रहिवाशांना मिळणाऱ्या परवानगीविषयी) विचारलेले काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेकांनी परवान्याच्या अर्जापासून सुरुवात केली आहे. प्रत्यक्षात अर्जाचे भवितव्य त्याच्या बरेच आधी ठरलेले असते. भाडेकरारावर कोणाचे नाव आहे आणि गाडीची नोंदणी कोणत्या पत्त्यावर आहे, या दोन गोष्टी जुळल्या तर अर्ज भरणे हे दहा मिनिटांचे काम आहे आणि न जुळल्या तर कितीही खेटे घातले तरी उपयोग होत नाही.

प्रश्न : आम्ही तिघे बॉस्टनमध्ये एका सदनिकेत राहतो. भाडेकरार आणि वीजबिल दोन्ही एका मित्राच्या नावावर आहेत आणि मी दरमहा माझा वाटा त्याच्या खात्यात भरतो. परवाना कार्यालयाने माझा अर्ज नाकारला. मी खरोखरच येथे राहत असताना अडचण कसली?

उत्तर : तुम्ही येथे राहता हे तुम्हाला, मित्राला आणि शेजाऱ्यांना ठाऊक आहे, कार्यालयाला मात्र ते तुमचे नाव आणि हा पत्ता एकत्र छापलेल्या, अलीकडच्या तारखेच्या कागदावरूनच कळते. मित्राच्या खात्यात भरलेल्या पैशांची नोंद हा भाडे दिल्याचा पुरावा आहे, पत्त्याचा नव्हे. बॉस्टनमध्ये पत्त्याचा पुरावा ३० दिवसांच्या आतला लागतो, त्यामुळे मागच्या सत्रातले पत्र आज जोडून चालणार नाही. सर्वांत सोपा उपाय म्हणजे बँकेतला पत्ता बदलून पुढचे मासिक विवरणपत्र येईपर्यंत थांबणे, किंवा घरातले एखादे बिल रीतसर स्वतःच्या नावावर करून घेणे.

त्याबरोबरच घरमालकाला सांगून भाडेकरारात तुमचे नाव पुरवणीने घालून घ्या. अनेक विद्यार्थी हे टाळतात, कारण घरमालकाला तिसऱ्या माणसाची कल्पनाच दिलेली नसते. तसे असेल तर परवाना ही तुमची दुय्यम अडचण आहे. पोटभाडेकरू म्हणून तुमचे तेथे राहणेच करारभंग ठरू शकते आणि परवान्याच्या निमित्ताने ते उघड होऊ शकते.

ब्रिटनमधल्या वाचकांसमोर याच प्रश्नाचे वेगळे रूप येते. तेथे कौन्सिल, म्हणजे स्थानिक नगरपालिका, रहिवासाचा पुरावा म्हणून अनेकदा कौन्सिल टॅक्स या घरावरच्या स्थानिक कराचे बिल मागते, आणि ज्या घरात सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असतात त्या घराला हा कर माफ असल्यामुळे कर भरल्याचे बिल कधी हाती पडतच नाही. अशा वेळी करमाफीचे पत्र आणि सही केलेला भाडेकरार जोडून अर्ज करावा. करमाफी आपोआप मिळेल असे गृहीत धरून बसू नये. विद्यापीठाचे विद्यार्थी प्रमाणपत्र कौन्सिलकडे पोहोचले आहे याची खात्री करावी.

प्रश्न : माझी गाडी वडिलांच्या नावावर असून तिची नोंदणी आणि विमा दुसऱ्या राज्यातला आहे. विमा स्वस्त पडतो म्हणून ती तशीच ठेवली. मला परवाना मिळेल का?

उत्तर : हे शहरावर अवलंबून आहे, आणि येथे एका शहराचा अनुभव दुसऱ्याला लागू पडत नाही. बॉस्टनमध्ये गाडीची नोंदणी मॅसॅच्युसेट्सचीच, तुमच्या नावावर आणि बॉस्टनच्या पत्त्यावर असावी लागते. शिवाय गाडीवरचे जुने दंड थकलेले नसावेत. परराज्यातल्या नोंदणीची गाडी घेऊन शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्याने मॅसॅच्युसेट्समध्ये पोलिसांकडे एक निवेदन भरून द्यायचे असते. बरेच जण ते भरल्यावर परवाना मिळाला असे समजतात. तो समज चुकीचा आहे. त्या कागदाने परराज्यातली नोंदणी कायम ठेवता येते, निवासी रस्त्यावर गाडी लावण्याचा हक्क मिळत नाही. वॉशिंग्टन डी.सी.मध्ये पूर्णवेळ विद्यार्थ्यांसाठी परराज्यातली नोंदणी तशीच ठेवून घेता येणारा स्वतंत्र परवाना आहे. जर्मनीत गाडी दुसऱ्याच्या नावावर असली तरी ती कायम तुमच्याच वापरात आहे असे मालकाने लेखी दिल्यास सहसा भागते. मात्र त्या पत्त्यावर तुमची रहिवासी नोंद, आणि बहुतेक शहरांत मुख्य निवास म्हणूनच, असावी लागते. ब्रिटनमध्ये अनेक कौन्सिल गाडीचे नोंदणीपत्र तुमच्या नावाने आणि त्याच पत्त्याचे मागतात, आणि पत्ता बदलून येण्यास वेळ लागत असल्यामुळे तोवर तात्पुरता परवाना मिळतो का, हे आधी विचारून घ्यावे.

परवान्याहून महत्त्वाची बाब विम्याची आहे, म्हणून न विचारताही लिहितो. गाडी रात्री जेथे उभी राहते त्या पत्त्यावर विम्याचा हप्ता ठरतो. वडिलांच्या गावचा पत्ता ठेवून गाडी वर्षभर मोठ्या शहराच्या रस्त्यावर लावली आणि अपघात झाला, तर चुकीची माहिती दिल्याच्या कारणावरून विमा कंपनी दावा अडवू शकते. विमा कंपनीला खरा पत्ता कळवा, मग हप्ता वाढला तरी चालेल. आणि तो वाढलेला हप्ता धरूनच गाडी ठेवायची की नाही हे ठरवा.

प्रश्न : लंडनमध्ये नव्या इमारतीत भाड्याने घर घेताना एजंटने 'रस्त्यावर पार्किंग आहे' असे सांगितले होते. आता कौन्सिल म्हणते की या इमारतीतल्या कोणालाच परवाना मिळणार नाही. हा अन्याय नाही का?

उत्तर : एजंटचे वाक्य खोटे नव्हते, अपुरे होते. रस्त्यावर पार्किंग आहे. तुमच्या पत्त्यासाठी नाही. नव्या इमारतीला बांधकाम परवानगी देताना, येथील रहिवाशांना पार्किंग परवाने मिळणार नाहीत, अशी अट लंडनच्या अनेक बरोंमध्ये (स्वतःचे कौन्सिल असलेल्या प्रभागांमध्ये) विकासकाशी केलेल्या करारातच घातली जाते. अट पत्त्याला चिकटलेली असल्यामुळे घर विकले किंवा भाड्याने दिले तरी ती सुटत नाही आणि तुमच्या कागदपत्रांत काहीही खोट नसली तरी अर्ज फेटाळला जातो. खास विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या वसतिगृहांबाबत तर ही अट ब्रिटनमध्ये सर्रास आढळते. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्येही विद्यापीठाच्या वसतिगृहांतल्या रहिवाशांना निवासी परवाना मिळत नाही.

यापुढे घर पाहताना पार्किंग आहे का, असे एजंटला विचारू नका. नेमका दारक्रमांक देऊन, या पत्त्यावर परवाना मिळतो का, असे कौन्सिललाच सही करण्यापूर्वी लेखी विचारा. आता सही झालेली असल्यामुळे एजंटचे म्हणणे ईमेलमध्ये किंवा जाहिरातीत कोठे आहे ते शोधा. ते लेखी असेल तर तक्रारीला आधार मिळतो, तोंडी असेल तर फारसा नाही. दरम्यान जवळपास कोणी आपल्या घरापुढची मोकळी जागा महिन्याच्या भाड्याने देत असेल तर तो खर्च आणि गाडी विकण्याचा पर्याय एकाच कागदावर मांडून पाहा.

प्रश्न : परवाना असूनही मला दोनदा दंड झाला. मग परवान्याचा उपयोग काय?

उत्तर : परवाना म्हणजे आपल्या विभागात जागा शोधण्याची मुभा, जागेची हमी त्यात नसते. रस्ता झाडण्याच्या दिवशी, अग्निशमनाच्या नळापुढे किंवा शेजारच्या दुसऱ्या विभागात गाडी लावली तर परवाना असूनही दंड होतो. तुमचे दंड यांपैकी कशाचे आहेत ते नोटिशीवरच्या कलमावरून कळेल. सुटीत घरी जाणाऱ्यांनी आणखी एक नियम पाहावा : कॅलिफोर्नियातल्या अनेक शहरांत एकाच जागी ७२ तासांहून जास्त वेळ उभी राहिलेली गाडी परवाना असला तरी उचलून नेता येते. दोन आठवड्यांसाठी जाताना गाडी मित्राच्या खाजगी जागेत ठेवावी.

प्रश्न : मी महाविद्यालयाजवळ राहत नाही, रोज गाडीने येतो. तेथल्या रहिवाशांना परवाना आणि मला नाही, हा भेदभाव कायद्यात बसतो का?

उत्तर : अमेरिकेत बसतो. व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टन काउंटीने कार्यालयांत येणाऱ्यांच्या गाड्या निवासी गल्ल्यांत लागू नयेत म्हणून असाच नियम केला होता आणि बाहेरून येणाऱ्यांनी त्याला आव्हान दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली नियम वैध ठरवला : गर्दी, गोंगाट आणि धूर कमी करणे हा रास्त हेतू आहे आणि त्यासाठी रहिवासी व बिगररहिवासी असा फरक करता येतो. तुम्ही महाविद्यालयाच्या स्वतःच्या वाहनतळाचा परवाना मागावा.

प्रश्न : शिक्षण संपवून परतणारा मित्र त्याचा उरलेल्या सहा महिन्यांचा परवाना मला विकत देतो आहे. घेऊ का?

उत्तर : घेऊ नका. परवाना त्याच्या गाडीच्या क्रमांकाशी जोडलेला असतो आणि तपासणी करणारा कर्मचारी तो क्रमांकच पाहतो. तुमच्या काचेवर त्याचा परवाना दिसला तर दंड होईलच, वर तुमचा स्वतःचा अर्ज पुढे नाकारण्यास कारणही मिळेल. मित्राने परवाना परत करावा. काही ठिकाणी उरलेल्या मुदतीचे शुल्क परत मिळते.